मुलींचं साटंलोटं

१४ जून १९८६, शनिवार. शुगर लँड

दिवसभर इंग्रजीत लिहायचं, वर जर्मनची परीक्षा डोक्यावर. निदान स्वतःशी भांडायला तरी आपली भाषा हवी, म्हणून ही वही मराठीत.

दोन गोष्टी ठरवल्या आहेत. मी एकदा ठरवलं की ठरवलं, हे श्रीरंगला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं, त्याला माझा इलाज नाही. पहिली गोष्ट, थिसिस येत्या मे महिन्यापर्यंत पुरा करायचा. दुसरी, वीणाला डिसेंबरात नागपूरला मालिनीताईकडे पाठवायचं, वर्षभरासाठी. माझी सख्खी बहीण आहे, परकं घर नाही. तिथल्या शाळेत जाईल, मराठी शिकेल, परत येईल.

निमित्त झालं मंडळाच्या पिकनिकचं. पद्मिनीकाकूंनी वीणाला विचारलं, "तुझं नाव काय गं?" आणि कार्टी म्हणाली, "व्हीना. व्हॉट्स युअर्स?" सगळे खो खो हसले. काकू मला म्हणाल्या, "नागपूरची एम. ए. ना तू? मुलीच्या बाबतीत नापास झालीस की!" मीही हसले, पण नंतर माझ्या घशाखाली वडा उतरला नाही. आठ वर्षांची मुलगी, ह्यूस्टनला जन्मली, समजतं सगळं, पण उत्तर म्हणून मराठीत देत नाही.

आज तिला नागपूरचं सांगितलं. "ओके," म्हणाली आणि सायकल घेऊन बाहेर गेली. म्हणजे तो प्रश्न सुटला.

१९ जून, गुरुवार

थिसिसची पहिली मुलाखत. शाळेला सुट्टी, वीणाला ठेवायचं कुठे, म्हणून तिलाही नेलं. रोझेनबर्ग गावाच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस लागतो. तो बघून मला वऱ्हाड आठवतं आणि वीणाला झोप येते.

अल्बिना यानचेक. वय शहाऐंशी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, अंगणात अंजिराचं झाड. जन्म मोराव्हियातला. मोराव्हिया म्हणजे ऑस्ट्रियाच्या बादशहाचा एक प्रांत. त्याच्या राज्यात दहा-बारा भाषा नांदत होत्या आणि प्रत्येक भाषेच्या पुढाऱ्यांना आपापली माणसं मोजून हवी होती. मोराव्हियात मोजणी दोघांची, चेक आणि जर्मन. बाई तेरा वर्षांची असताना हे कुटुंब टेक्सासला आलं.

माझे गाइड डॉ. व्हिटेकर यांनी तक्ता आखून दिलाय. एक रकाना चेक, एक जर्मन. प्रत्येक मुलाखत एका रकान्यात बसवायची आणि मग तिकडून टेक्सासला आलेल्या या लोकांची राष्ट्रभावना इथे किती टिकली ते बघायचं. सोपं काम.

मी विचारलं, "तुम्ही चेक होतात की जर्मन?"

बाई म्हणाल्या, "मी अल्बिना होते."

पुन्हा विचारलं. त्यांनी जर्दाळूचं सारण घातलेले गोड पाव पुढे केले. वीणाने तीन खाल्ले. टेपरेकॉर्डरची बटणं तिच्याकडे दिली आहेत, ती अगदी मन लावून दाबते.

निघताना वीणा "बाय, मिस अल्बिना" म्हणाली. मी तिला म्हटलं, आपल्यात काय म्हणतात? "येते" म्हण. बाईंना कुतूहल. त्यांना सांगितलं, याचा अर्थ 'मी येते'. "पण तुम्ही तर चाललात," त्या म्हणाल्या. मी समजावलं, की आमच्यात 'जाते' म्हणणं अशुभ. जाते म्हणून जातो तो परत येत नाही. घरातला माणूस 'ये' म्हणतो आणि मगच पाऊल बाहेर पडतं. बाईंना हे इतकं आवडलं की फाटकापर्यंत येऊन आम्हालाच "येते, येते" म्हणत राहिल्या. वीणा हसून लोटपोट.

३ जुलै, गुरुवार

दोन टेपा उतरवून काढल्या. बाईंचं इंग्रजी म्हणजे टेक्सासच्या हेलात मोराव्हियन मसाला. एक वाक्य सारखं येतं: नऊ वर्षांची असताना 'हँडल'. "दॅट इयर आय वॉज ऑन हँडल." मी अर्थ लावला, की त्या वर्षी घर सांभाळण्याची वेळ तिच्यावर आली असणार. आई आजारी असेल. त्यावर दोन पानं झक्क लिहून काढली: साम्राज्यातल्या शेतकरी मुलींवरचा घरकामाचा भार. व्हिटेकरांना पाठवली. त्यांना आवडली.

वीणासाठी चित्रांचे पत्ते केले. जेवायच्या टेबलावर एकेक दाखवायचा, "हे काय?" चमचा, दार, पाऊस, उशी. आज निम्मे इंग्रजीत सांगितले. नो प्रॉब्लेम, डिसेंबर अजून लांब आहे.

२४ जुलै, गुरुवार

तोंडावर आपटले!

आज मी बाईंना विचारलं, की तुम्ही घर हँडल करत होतात तेव्हा आई कुठे होती? बाई माझ्याकडे बघतच राहिल्या, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हँडल नाही, 'हांडल'! म्हणजे सौदा, अदलाबदल. जर्मन परीक्षेला बसणाऱ्या बाईला हा शब्द ओळखता येऊ नये! गेले काही महिने हाच शब्द 'व्यापार' म्हणून पाठ करते आहे.

ती मुळात एक रीतच होती. चेक गावातलं घर आपली मुलगी वर्षभरासाठी जर्मन गावात पाठवायचं, आणि त्या घरची मुलगी यांच्याकडे यायची. पैशांचा संबंध नाही. एक पोर देऊन एक पोर घ्यायचं, दोघींना दोन्ही भाषा याव्यात, पुढे बाजारात, नोकरीत अडू नये म्हणून. अल्बिना टेकडीपलीकडच्या गावात गेली आणि तिथली रोझी हिच्या आईकडे आली. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांचा या रीतीवर दात होता. तुम्ही आमची मुलं पळवता, असं ते एकमेकांना म्हणत. लोकांनी ऐकलं नाही.

किती शहाणी माणसं! पुढारी इकडे भांडताहेत आणि आया तिकडे मुलींची अदलाबदल करून मोकळ्या. घरी येऊन श्रीरंगला सांगितलं. तो पुणेकर, कौतुक करणं रक्तात नाही. म्हणाला, "म्हणजे मुलींचं साटंलोटं. आपल्याकडे लग्नात करायचे तसं. त्यात ज्यांची अदलाबदल व्हायची त्यांना कुणी विचारायचं नाही."

मी दुर्लक्ष केलं. उलट मला नवीच कल्पना सुचली आहे. मालिनीताईची रुपाली वीणाहून वर्षाने मोठी. पुढच्या वर्षी तिला इथे आणता आलं तर? दुहेरी फायदा.

वीणाने रात्री ताट तसंच ठेवलं. गोड पाव जास्त झाले असणार.

८ ऑगस्ट, शुक्रवार

श्रीरंगचा लेऑफ झाला. तेलाचे भाव पडल्यापासून धाकधूक होतीच. आमच्या गल्लीत तीन घरांवर 'फॉर सेल'. हा आता घराची कौलं दुरुस्त करतो, गवत कापतो, भाजी करतो. भाजी चांगली करतो, हे सांगायची माझी तयारी नाही.

रात्री म्हणाला, "अशा वेळी वीणाला लांब पाठवायचं का?" मी म्हटलं, अशा वेळीच. दुसरी नोकरी कुठे लागेल, कुठे घर हलवावं लागेल, कुणाला माहीत. तिकडे पोर निदान एका शाळेत राहील.

"तिला विचारलंस?"

"आठ वर्षांच्या मुलीला काय विचारायचं? मला कुणी विचारलं होतं अमेरिकेला येताना?"

यावर तो उठून भांडी घासायला गेला. मी वाद जिंकला.

१३ सप्टेंबर, शनिवार

मंडळाचा गणेशोत्सव. पद्मिनीकाकूंनी मुलांची मराठी स्पर्धा ठेवली होती. स्टेजवर एकेका मुलाला चित्र दाखवायचं, त्याने नाव सांगायचं. वीणाने सगळी बरोबर सांगितली. 'उंबरठा'सुद्धा! काकूंना म्हटलं, "आता बोला." त्या म्हणाल्या, "हुशार आहे गं, कुणाची आहे!"

माझी पद्धत लागू पडते आहे. गेले महिनाभर वीणा आपण होऊन पत्ते काढून बसते. फ्रिजला, आरशाला, पलंगाला तिने मराठी नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. काल झोपताना विचारत होती, "आई, इनफ म्हणजे किती शब्द?" मी म्हटलं, "अजून पुष्कळ, बाळा." पहिल्यांदाच 'मॉम'ऐवजी 'आई' म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी तिचा लाइट बंद करायला विसरले.

११ ऑक्टोबर, शनिवार

आता शाळा असल्याने बाईंकडे शनिवारी जातो. वीणा हट्ट करून येते.

आज फार मोलाची माहिती मिळाली. १९०५ च्या समझोत्याने मोराव्हियात प्रत्येक मतदार एकतर चेक यादीत, नाहीतर जर्मन यादीत टाकला. पोरांचंही तसंच. ज्या शाळेची भाषा येत नाही त्या शाळेत घालायचं नाही. अल्बिना जर्मन गावातून परत आली तेव्हा इन्स्पेक्टर आला. शाळेत सगळ्यांसमोर तिला उभं केलं आणि चित्रं दाखवली. हे काय? हे काय? सफरचंद तिने जर्मनमध्ये सांगितलं, पाव चेकमध्ये. घोडा जर्मनमध्ये. गाय आठवेचना. घरी परतताना बापाने तिच्याशी अबोला धरला.

"मग त्यांनी तुम्हाला कुठे घातलं?" मी विचारलं. रकान्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचं.

"चेक शाळेत. पण गाय आठवेना तेव्हा मला वाटलं, मला परत पाठवणार. रात्री पांघरुणात मी शब्द पाठ करायचे."

वीणाने टेप बंद केला. अजून बोलणं संपलं नव्हतं, म्हणून मी रागावले. ती सॉरीसुद्धा म्हणाली नाही. जाऊन मिस अल्बिनाच्या खुर्चीशी बसली.

१ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी. श्रीरंगने चकल्या केल्या, त्या मोडल्या. मी अनारसे केले, ते विरघळले. वीणाने 'आकाशकंदील' हा शब्द स्वच्छ उच्चारला, तेवढं एक साधलं.

मंडळातले नरेंद्र आणि दीपा १९ डिसेंबरला नागपूरला चालले आहेत, वीणाला बरोबर नेतील. तिकीट काढून झालं. बॅग आणली. वीणाला म्हटलं, तुझी खेळणी तू भर. तिने बॅगेत फक्त पत्त्यांचा गठ्ठा टाकला आणि झाकण लावलं. आहेच ती शिस्तीची.

२० नोव्हेंबर, गुरुवार

व्हिटेकरांशी वाजलं. यानचेकबाईंना कुठल्या रकान्यात टाकायचं, मला कळत नाही, म्हटलं. ते म्हणाले, "चेक शाळेत गेली ना? चेक." मी म्हटलं, इन्स्पेक्टरने ठरवलं ते आपण कसं मानायचं? त्यांनी चष्मा पुसला. "सुमित्रा, माणूस काहीतरी असतोच. नथिंग हा रकाना नसतो."

मी बाहेर आले आणि पार्किंग लॉटमध्ये ठरवलं, की या बाईला मी दोन्हीपैकी एकाही रकान्यात टाकणार नाही. तिचं वेगळं प्रकरण लिहीन. डिग्री अडवायची तर अडवा.

हे ठरल्यावर फार बरं वाटलं. येताना पत्त्यांचा नवा संच आणला, क्रियापदांचा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बाईंना मी शेवटचा प्रश्न विचारला, हांडलचा फायदा झाला का? मला 'हो' हवं होतं, खोटं कशाला बोलू. प्रकरणाचा शेवटही झाला असता.

त्या म्हणाल्या, फायदा झाला. बाजारात बटाटे विकताना झाला. मग सांगितलं: घरी परतली त्या दिवशी आई दारात रडत होती. आपल्यासाठी रडते आहे असं अल्बिनाला वाटलं. पण त्याच सकाळी रोझीची गाडी गेली होती. आठवडाभर आई अल्बिनाला चुकून रोझी म्हणून हाक मारत होती. "आणि मी ओ देत होते. कारण आईने हाक मारलेली चालते, नाव कुठलंही असो."

"निघताना तुमचा बाप काय म्हणाला?" हे मी नाही, वीणाने विचारलं.

"'जा' म्हणाला. आमच्यात तुमचा तो शब्द नव्हता ना."

वापरण्यासारखा फार सुंदर मजकूर आहे. गाडीत वीणाला म्हटलं, मिस अल्बिनाची गोष्ट किती छान आहे ना? ती म्हणाली, "हो, आई." हल्ली ती सगळ्यालाच हो म्हणते. गुणी झाली आहे.

१३ डिसेंबर, शनिवार

आजचं आजच लिहायचं आहे.

वीणाला निरोपासाठी बाईंकडे नेलं. बाईंनी तिला हाताने विणलेला लाल मफलर दिला. नागपुरात तो कुठे घालणार, पण मी बोलले नाही. निघताना वीणा दारात उभी राहिली आणि बाईंना म्हणाली, "मी जाते."

माझ्या तोंडातून सवयीने निघालं, "जाते नाही गं, येते."

ती माझ्याकडे वळली. रडत नव्हती. म्हणाली, "नाही आई. जाते. येते म्हणजे माझं मी जाणार आणि माझं मी परत येणार. तू मला पाठवतेस. मी सगळे शब्द पाठ केले, उंबरठा, पांघरूण, सगळे. तरी तू पाठवतेस. म्हणून जाते."

एकही शब्द इंग्रजी नव्हता. व्याकरणाची एकही चूक नव्हती. माझ्या परीक्षेत माझी मुलगी पैकीच्या पैकी गुणांनी पास झाली होती, आणि कशासाठी पास झाली ते मला तेव्हा कळलं. चार महिने मी समजत होते की पोर भाषेची गोडी लागून शिकते आहे. ती भीतीने शिकत होती. रोज रात्री. माझ्या शेजारच्या खोलीत.

बाईंना मराठी काही कळलं नाही, पण त्यांनी माझा हात धरला आणि खुर्चीत बसवलं. मी त्यांच्यासमोर रडले. टेप चालू नव्हता, देवाची कृपा.

घरी आल्यावर नरेंद्रला फोन केला. तो म्हणाला, "अहो वहिनी, तिकीट नॉन-रिफंडेबल आहे, बघा हं." मी म्हटलं, "बघितलं. कॅन्सल करा." मालिनीताईला ट्रंककॉल. ती आधी चिडली, रुपालीच्या शेजारी पलंग लावून ठेवला होता म्हणाली. मग विचारलं, "तू बरी आहेस ना?" मी म्हटलं, आज झाले.

श्रीरंग गॅरेजमधून आला. मी सांगितलं. तो "मी म्हटलं होतं" असं म्हणाला नाही. पुणेकराने एवढं केलं, म्हणजे खरंच प्रेम आहे. बॅग उघडून त्याने पत्ते बाहेर काढले आणि वीणाला विचारलं, "याचं काय करायचं?" तिने खांदे उडवले. मग दोघे त्या पत्त्यांचा बंगला करत बसले.

वीणाला मी सॉरी म्हटलं. मराठीत त्याला रोजचा शब्द नाही, हे मला आजच जाणवलं. 'चुकलं माझं' म्हटलं. तिने विचारलं, "खरंच नाही पाठवणार?" मग पुन्हा विचारलं. मग झोपताना पुन्हा. तिला विश्वास बसायला वेळ लागणार आहे आणि तो वेळ मी देणार आहे. हे मी ठरवलं आहे.

६ जानेवारी १९८७, मंगळवार

श्रीरंगला कॅरीला, नॉर्थ कॅरोलायनात, इंटरव्ह्यू आहे. तेलाशी संबंध नाही, पण हरकत नाही. जायचं का, हे तिघांनी बसून ठरवू, असं वीणाला सांगितलं. तिने दोन अटी घातल्या आहेत. अंजिराची फांदी बरोबर न्यायची आणि मिस अल्बिनाला दर रविवारी फोन करायचा. दोन्ही मान्य.

व्हिटेकरांना सत्तावीस पानांचं वेगळं प्रकरण दिलं. त्यांनी पहिलं पान वाचलं, चष्मा पुसला, म्हणाले, "कमिटी यावर तुला फाडून खाईल." मी म्हटलं, "बोलवा कमिटीला." मे महिन्यात मी उभी राहणार. पास झाले तर या पानांसकट होईन.

मंडळात पद्मिनीकाकूंनी विचारलं, वीणा नागपूरला गेली नाही वाटतं? वीणानेच उत्तर दिलं, "नोप." काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरा वडा घेतला.

पत्ते कपाटात ठेवले आहेत. फ्रिजवरची चिठ्ठी गळून पडली, ती कुणी परत लावली नाही. वीणाचं बोलणं थोडं मराठीत येतं, थोडं येत नाही. वाईट वाटतं का? वाटतं. चारचौघांत अजून कान लाल होतात.

आज सुट्टीनंतरची शाळा सुरू झाली. पिवळी बस कोपऱ्यावर आली तशी वीणा लाल मफलर गळ्यात टाकून धावत सुटली. दार उघडं टाकून, मागे न बघता ओरडली, "बाय, मॉम!"

मी उंबरठ्यात उभी होते. म्हटलं, "ये."